दार उघडं असताना काय होतं?

अर्बन फँटसीत, म्हणजे आजच्या शहरात घडणाऱ्या जादू-पिशाच्चांच्या गोष्टींत, पिशाच्चाच्या तळघरात कोंडलेली नायिका त्याच्यावर भाळते, म्हणजे ‘स्टॉकहोम सिंड्रोम’च (ओलिसाला पकडणाऱ्याबद्दलच ओढ वाटणं), असं काही वाचक म्हणतात; हे मत मला घाईचं वाटतं. १९७३ साली स्टॉकहोमच्या बँकेत ओलीस असलेल्या एका कर्मचारी तरुणीने थेट स्वीडनचे पंतप्रधान पाल्मे यांना फोनवर सांगितलं होतं की तिला दरोडेखोरांपेक्षा पोलिसांच्या हल्ल्याची भीती वाटते. तिच्या परिस्थितीत तो हिशेब अगदी शहाणपणाचा होता! अर्बन फँटसीतही बंदिनीचा हा हिशेब दिसायला हवा: बाहेरच्या शहरात तिला आणखी कोण शोधतंय, आतला पिशाच्च किती खोटं बोलतोय. लघुकादंबरीत जागा कमी, म्हणून लेखक नेमकं हेच गाळतात आणि थेट चुंबनावर येतात. मला ते खटकतं. कुलूप निघाल्यावर ती खरंच निघून जाऊ शकते, असा एक तरी प्रसंग चुंबनाआधी हवाच.