क्लबहाउसच्या एसीत पुन्हा गॅस भरायचा का?

सचिव: नमस्कार. हॉलमधल्या साडेआठ टनी डक्टेबल एसीचं (डक्टमधून हवा सोडणाऱ्या मोठ्या एसीचं) कूलिंग परत कमी झालंय. एएमसीवाल्यांचं (वार्षिक देखभाल कंत्राटवाल्यांचं) कोटेशन आलंय, 'सर्किट २, गॅस टॉपअप'. मार्चमध्येही हेच केलं होतं. मंजूर करू का?

बी-७०३: नका करू. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, सर्किट म्हणजे गॅस फिरतो त्या नळ्यांची साखळी, ती बंदिस्त असते. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. पण मुळात कमी झालाय हे कशावरून ठरवलं? रीडिंग काय दिलंय?

सचिव: सक्शन (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) ९६ पीएसआय, एवढंच.

ए-२०४: काका, नुसतं सक्शन बघून काही कळत नाही. फिल्टर चोंदला किंवा ब्लोअरचा बेल्ट सैल झाला तरी ते पडतं. आर-४१०ए ला, म्हणजे आपल्या एसीतल्या गॅसला, ९६ पीएसआय म्हणजे कॉइलमध्ये साधारण उणे १ अंश. आता सक्शन पाइपला थर्मामीटर लावायला सांगा. पाइप १६ अंश असेल तर सुपरहीट, म्हणजे पाइप आणि कॉइल यांच्या तापमानातला फरक, १७ झाला. साधारण ५ ते ८ हवा. सोबत सबकूलिंगही (आउटडोअरमधून निघणारा द्रव त्याच्या उकळबिंदूपेक्षा किती थंड आहे ते) कमी असेल तर गॅस खरंच कमी आहे. सबकूलिंग भरपूर असेल तर ड्रायर (ओल शोषणारा फिल्टर) किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये द्रव मोजून सोडणारा) चोक आहे. आणि पाइप २-३ अंशांवर, कॉइलवर बर्फ धरलेला असेल तर हवा कमी पडतेय. अशा वेळी गॅस भरला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो आणि कॉम्प्रेसर बसतो.

सचिव: टेरेसवर जाऊन आलो. आउटडोअरच्या सर्व्हिस व्हॉल्व्हखाली काळा तेलकट डाग आहे, त्यावर धूळ चिकटलीय. दुसऱ्या सर्किटचा व्हॉल्व्ह कोरडा आहे.

बी-७०३: गळती तिथेच असणार. गॅससोबत तेल बाहेर येतं आणि धूळ धरतं. साबणाचं पाणी लावा. फ्लेअर नटवर (पाइप जोडणाऱ्या नटवर) बुडबुडे आले तर फ्लेअर, म्हणजे पाइपचं पसरट तोंड, नव्याने करून टॉर्क रेंचने आवळायचा. नुसता जोर लावून पिळला तर तांबं चिरतं. गेज लावायच्या तोंडातल्या पिनमधून येत असेल तर व्हॉल्व्ह कोअर (ती पिन असलेला आतला भाग) बदला. पितळी टोपी घट्ट बसवा, ती बरेचदा गच्चीवरच पडलेली असते.

सी-५०१: दुरुस्तीआधी उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. एक किलो ४१०ए सोडणं म्हणजे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. सिलिंडर ८० टक्क्यांवर भरायचा नाही, उन्हात द्रव फुगतो. हातमोजे, चष्मा हवेतच. हा द्रव उणे ५१ अंशांना उकळतो, कातडी जागीच गोठते.

सचिव: ते म्हणतात, प्रेशर टेस्ट कॉम्प्रेस्ड हवेने करू.

सी-५०१: मुळीच नाही! हवेतली ओल तेलात शिरते, आणि गॅस-तेल-हवा एकत्र दाबली की स्फोटाचा धोका. ऑक्सिजन तर अजिबात नको. फक्त कोरडा नायट्रोजन, रेग्युलेटर लावून, टप्प्याटप्प्याने, नेमप्लेटवरच्या डिझाइन प्रेशरच्या आत. रात्रभर ठेवा. ३०० पीएसआयला दर अंशामागे साधारण १ पीएसआय फरक पडतोच, म्हणून काट्यासोबत तापमानही लिहून घ्या.

ए-२०४: गॅस भरण्याआधी आतली हवा-ओल पंपाने ओढून काढतात, त्या व्हॅक्यूमचंही पक्कं ठरवा. साधा गेज इथे उपयोगाचा नाही, मायक्रॉन गेजच (अगदी बारीक दाब मोजणारा) हवा. ५०० मायक्रॉनच्या खाली आणून पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास बघायचं. काटा थोडा वर जाऊन थांबला तर ओल आहे, वर जातच राहिला तर गळती. व्हॅक्यूम असताना कॉम्प्रेसर चालवायचा नाही, मेगरही (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचा नाही. आत ठिणगी पडून मोटरचं वाइंडिंग जळतं.

बी-७०३: गॅस वजनकाट्यावर, द्रवरूपात. समजा नेमप्लेटवर सर्किटला ३.२ किलो आहे, रिकव्हरीत २.१ निघाला, तर १.१ गळाला होता. हे तिन्ही आकडे बिलावर घ्या. पाइप लांब असेल तर जादा किती, ते इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये असतं.

सचिव: मग टॉपअपचं कोटेशन परत पाठवतो आणि हे सगळं लिहून नवं मागवतो. मंगळवार-बुधवार हॉल रिकामा आहे.

ए-२०४: चालेल. काम करताना मेन बंद करून त्याला कुलूप लावा, चावी वॉचमनकडे नको, काम करणाऱ्याच्याच खिशात. बुधवारी काम संपलं की मेन चालू करून ठेवा, पण एसी गुरुवारी सकाळी लावा. क्रँककेस हीटरला (कॉम्प्रेसरमधलं तेल गरम ठेवणाऱ्या) निदान १२ तास मिळाले पाहिजेत, नाहीतर तेलात मुरलेला गॅस सुरू होतानाच फेसाळतो.

सचिव: 👍 वॉचमनच्या वहीत लिहितो.