मदत हवी आहे: बोगद्यात वॉकीटॉकीचा संपर्क तुटतो

लांब मालगाडीत चालक आणि गार्ड यांचे 5 वॅटचे व्हीएचएफ वॉकीटॉकी संच मोकळ्या रुळांवर स्वच्छ चालतात. वळणदार बोगद्यात शिरताच आवाज जातो. बॅटरी पूर्ण भरलेली, चॅनेल एकच. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सेटिंग) कमी केल्यावर नुसती खरखर वाढली.

बटण दाबून क्षणभर थांबायचं, मग बोलायचं, हे पाळलं जातं. पण शेवटचा शब्द गळण्याची धास्ती मोठी: ‘निघू नका’मधलं ‘नका’ गेलं तर अर्थच उलटतो. म्हणून प्रत्येक निरोप समोरच्याकडून पुन्हा वदवून घेतात.

बोगद्यात लीकी केबल (लांबीभर सिग्नल झिरपू देणारी, अँटेनासारखी चालणारी केबल) टाकलेल्यांनी सांगावं: दोन्ही टोकांचा संपर्क टिकतो का? केबलला जोडलेल्या रिपीटरला (सिग्नल पकडून पुन्हा जोरात पाठवणारं यंत्र) दोन फ्रिक्वेन्सी लागतात, मग एकाच फ्रिक्वेन्सीवरचे हे संच नव्याने प्रोग्रॅम करावे लागले का? आणि रिपीटर बंद पडल्यास संच-ते-संच थेट चॅनेलवर कसं परतता?