'स्पॉयलर'ला मराठीत काय म्हणाल?

खडीसाखर: अमेरिकेतल्या १९९२च्या निवडणुकीवरचा लेख भाषांतर करतेय, रॉस पेरो या उमेदवारापाशी अडलेय. मूळ लेखात त्याला स्पॉयलर म्हटलंय, म्हणजे स्वतः न जिंकता दुसऱ्याची मतं घेऊन त्याला हरवणारा उमेदवार. मी 'मतं खाणारा' लिहिलं तर आई म्हणाली अगं जवळजवळ १९ टक्के लोकांनी दिली ना त्याला, मग खाल्ली कशी, त्याचीच होती ती. पटलं, पण मग लिहू काय?

बोरूबहाद्दर: मतविभाजक. सुटसुटीत आहे.

उंबरठा: मतविभाजक म्हणजे मिक्सरचं भांडं वाटतं. आमच्याकडे सरळ 'पाडायला उभा राहिलाय' म्हणतात. आमचे अण्णा ग्रामपंचायतीला उभे होते, चिन्ह शिट्टी, मतं ४१, आणि वॉर्डातला दुसरा एकजण ३० मतांनी पडला, तो अजून 'अण्णांनी पाडलं' म्हणतो आणि अण्णा म्हणतात मी निवडून यायलाच उभा होतो. चहा मात्र एकाच टपरीवर घेतात दोघं.

खडीसाखर: पण 'पाडायला'मध्ये हेतू आला ना. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश क्लिंटनपुढे पडले खरे, पण एक्झिट पोलमध्ये पेरोचे मतदार बुश आणि क्लिंटन दोघांकडे साधारण सारखेच झुकलेले निघाले. ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडरचं २०००चं वेगळं, निकाल ठरवणाऱ्या फ्लोरिडात धाकटे बुश आणि गोर यांच्यातला फरक ५३७ मतांचा आणि नेडरला ९७ हजार.

तात्या_खोपोली: खोडा घालणारा! कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड म्हणजे खोडा. खोडी, खोडसाळ त्यावरूनच आले असणार.

बोरूबहाद्दर: तात्या, 'असणार'वर व्युत्पत्ती चालत नाही. आणि लाकूड गुराच्या गळ्यात असतं.

तात्या_खोपोली: ते लोढणं हो. लोढणं गळ्यात, खोडा पायात. गुरं कधी राखलीत का?

उंबरठा: आणि पेरोला तिसऱ्या पक्षाचा लिहू नका, ९२ला तो अपक्ष होता. रिफॉर्म पार्टीकडून ९६ला.

बोरूबहाद्दर: अपक्ष म्हणजे मुळात पंख नसलेला. जुलैत माघार, ऑक्टोबरात परत मैदानात, १ कोटी ९७ लाख मतं आणि इलेक्टोरल मत (राज्याराज्यातून मिळणारं, निकाल ठरवणारं) एकही नाही. शब्द चपखल बसतो बघा.

खडीसाखर: हो पण स्पॉयलरचं काय? राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतला नुसता अपक्ष म्हणून कसं चालेल

तात्या_खोपोली: राष्ट्राध्यक्ष कशाला, अध्यक्ष पुरे की.

उंबरठा: अध्यक्ष सोसायटीचा असतो तात्या. राष्ट्रपती आपले, राष्ट्राध्यक्ष त्यांचे.

तात्या_खोपोली: हे ठरवलं कोणी?

बोरूबहाद्दर: 'पती'वर बोलायचं तर वेगळा धागा काढा.

खडीसाखर: उद्या लेख द्यायचाय हो मला.