२९ आठवड्यांचं बाळ: डोळ्यांची तपासणी हवीच का?

प्रश्न: लेक २९व्या आठवड्यात झाली, वजन ११५० ग्रॅम. आता वजन वाढतंय, डोळे स्वच्छ दिसतात. तरी डॉक्टर आरओपीची (लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार) तपासणी सांगतायत. एवढ्याशा जिवाला त्रास कशाला?

एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) नर्स: हवीच, ताई. बिघाड आत, डोळ्याच्या पडद्यावर असतो. बाहेरून काही कळत नाही. तिथल्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायला दिवस पूर्ण भरावे लागतात. लवकर जन्मलेल्या बाळात त्या भलत्याच वाढून पडदा ओढू शकतात, सुटला तर नजर जाते. पहिली तपासणी साधारण जन्मानंतर ४ आठवड्यांनी, पण तुमच्या लेकीसारख्या १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची २ ते ३ आठवड्यांनीच. थेंब घालून बाहुली मोठी करतात, पापण्या बारीक चिमट्याने उघड्या धरतात. बाळ रडतं, खरंय. आम्ही दुपट्यात घट्ट गुंडाळतो, जिभेवर साखरपाण्याचा थेंब देतो.

एक बाबा: आमच्या मुलाला लेसर लागलं. वेळेत सापडलं म्हणून आज बघतोय. टाळू नका.

प्रश्नकर्ती: एकदा नॉर्मल आली की संपलं ना?

नर्स: नाही हो! रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचेस्तोवर १ ते ३ आठवड्यांनी पुन्हा बघतात. घरी गेल्यावर ही तारीख हुकते, मला त्याचीच धास्ती वाटते. डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.