मदत हवी आहे : कराटेतला हेयान शोदान काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) पुस्तकावरून बसवतोय, ९ आणि १० नंबरच्या फोटोंच्या मध्ये नेमकं काय होतं?

नमस्कार. मी स्वतः कराटे कधीच केलेलं नाही. माझी दहा वर्षांची मुलगी शोतोकान या कराटे-शैलीच्या क्लासला जायची. आम्ही कोकणात तालुक्याच्या गावी राहतो. सरांची नोकरी बदलली, ते गाव सोडून गेले आणि क्लास बंद पडला. जाताना त्यांनी स्वतःचं एक इंग्रजी पुस्तक तिच्या हातात ठेवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी "आई, तू वाच, मी करते" असं आमचं चाललंय. दोन महिने झाले, तिने एकही दिवस चुकवलेला नाही. म्हणून तिला चुकीचं काही शिकवायचं माझ्या जिवावर येतं.

गच्चीवर खडूने इंग्रजी आय अक्षरासारखी रेघ मारते, काताचा मार्ग पुस्तकात तसाच काढलाय. पान उडू नये म्हणून वर बत्ता ठेवते आणि एकेक आकडा वाचते. एकूण २१ आकडे, म्हणजे २१ हालचाली. पहिले नऊ तिला क्लासमध्येच शिकवले होते, ते छान जमतात : डावीकडे गेदान-बराई (हात खाली झाडून अडवणं), पंच, मागे वळून गेदान-बराई, हात खेचून घेऊन वरून हातोडीसारखी मूठ, पंच, मग समोर वळून पुन्हा गेदान-बराई आणि तीन आगे-उके (हात वर नेऊन अडवणं). तिसऱ्याला किआय, म्हणजे जोरात आरोळी.

घोडं अडतं ते दहाव्याला. नवव्या फोटोत माणूस समोर बघतोय, उजवा पाय पुढे. दहाव्यात तो स्वतःच्या उजवीकडे बघतोय आणि डावा पाय पुढे. मधला फोटोच नाही, नुसता एक वळलेला बाण. मुलगी सरळ उजवीकडे वळते आणि मग पाय बदलायला अर्धं पाऊल जास्तीचं टाकते. ते बरोबर दिसत नाही, एवढं मलाही कळतं. पुढे १४ ते १७ मध्ये तर त्या माणसाची पाठच दिसते, कुठला हात पुढे आहे ते कळायला मार्ग नाही. आणि काता जिथे सुरू केला तिथेच संपायला हवा म्हणतात, ही दर वेळी खुणेच्या दीडेक फूट मागे येऊन थांबते.

व्हिडिओ पाहिले. एकात हाच काता, पण नाव पिनान निदान आणि उभं राहणं बरंच उंच. त्यामुळे आमचं पुस्तकच चुकीचं की काय, अशी शंका मनात आली. कुणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद :

ताई, पुस्तक बरोबर आहे. हा आणि याच मालिकेतले बाकीचे काता ओकिनावातल्या इतोसु आंको यांनी शाळेतल्या मुलांसाठी बसवले, तेव्हा नाव पिनान होतं. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन १९२२ साली जपानच्या मुख्य बेटावर गेले. त्यांनी पुढे त्याच चित्राक्षरांचा जपानी उच्चार घेऊन हेयान म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्या दोन कातांचा क्रम बदलला. म्हणून तिकडचा पिनान निदान तो आपला हेयान शोदान. शोतोकानमध्ये बैठक लांब आणि खोल असते, इतर बऱ्याच शैलींत उंच. मुलीला एकाच शैलीचं दाखवा.

आता दहावा आकडा. उजवीकडे वळायचंच नाही. उजवा पाय जागेवर ठेवून डावीकडून, पाठीमागून २७० अंश फिरायचं. गंमत अशी की डावा पाय जेमतेम पाव वर्तुळ सरकतो, पण शरीर पाऊण वर्तुळ फिरतं. आधी मान वळते, मग पाय, मग कंबर. कंबर पूर्ण आली की हात खाली झाडायचा. त्याआधी डावी मूठ उजव्या कानापाशी जाते, ते बहुतेक फोटोंत नसतं. १७ वरून १८ ला हेच वळण पुन्हा आहे, फक्त तिथे कोकुत्सु-दाची (वजन मागच्या पायावर ठेवलेली बैठक) आणि शुतो-उके (उघड्या पंजाच्या कडेने अडवणं) येतात.

हाताचा गोंधळ संपवायचा असेल तर एक लक्षात ठेवा : या कातात एकविसाच्या एकवीस आकड्यांना जो पाय पुढे तोच हात पुढे. पाठीचे फोटो सोडून द्या, तिच्यासाठी वहीत फक्त "डावा, उजवा" लिहून काढा. सुरुवातीला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा असतो, त्याचा डावा तुमच्या उजव्या हाताला येतो, एवढं तेवढं सांभाळा.

मागे येण्याचं कारण मला वाटतं पावलांत आहे. जाताना तीन आगे-उके, येताना तीन पंच. मुलं पंचाला जोरात झेपावतात आणि पाऊल लांब पडतं. दोन्हीकडची पावलं खडूने मोजा. पाऊल टाकताना डोकं वरखाली होतंय का, ते मात्र तुम्हीच बाजूने बघा, पुस्तक ते सांगू शकत नाही. आणि महिना-दोन महिन्यांतून एकदा तरी जाणकाराला दाखवा.

मूळ लेखिका :

खूप खूप आभार. आज आधी मीच उजव्या टाचेखाली खडूची खूण करून हळूहळू फिरून बघितलं, मग तिला सांगितलं. तिसऱ्या खेपेला डावा पाय बरोबर रेघेवर पडला आणि अर्धं पाऊल गेलं. पंचाची पावलं खरंच जवळजवळ एक वीत लांब निघाली. ती सारखी केल्यावर आज खुणेच्या चार बोटं मागे संपला.

अजून एक विचारते. शेवटच्या चार शुतो-उकेत वजन मागच्या पायावर सत्तर टक्के असावं असं लिहिलंय. ते आलंय हे बाहेरून बघणाऱ्याला कशावरून ओळखायचं? पुढचा गुडघा की मागचा, कुठे बघू?