प्रति: सीट हलते, पण मेमरी चालत नाही
गाडीची सीट बटणाने पुढे-मागे होते, पण सेव्ह केलेल्या जागी सीट आपोआप नेणारं मेमरीचं १ नंबरचं बटण दाबलं की ढिम्म, असं म्हणताय ना? मग मॉड्यूल (सीट चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलायची घाई नको, उगाच खिसा रिकामा होईल. बटणाने सीट हलतेय म्हणजे फ्यूज आणि मोटर शाबूत दिसतात. बहुतेक गाड्यांत मोटरमधल्या हॉल सेन्सरचे (चुंबकाच्या मदतीने मोटरचं फिरणं ओळखणारा सेन्सर) पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मोजून मॉड्यूल सीटची जागा ओळखतं. पल्स तुटले की मेमरी आंधळी. आधी सीटखालचा कनेक्टर बघा. माझ्या गाडीत पावसाळ्यात कार्पेट भिजून सेन्सरच्या पिनेवर हिरवा गंज चढला होता. साफ केल्यावर काम झालं. पिवळा कनेक्टर एअरबॅगचा, त्याला मल्टीमीटर (व्होल्टेज वगैरे मोजायचं यंत्र) अजिबात लावू नका! बॅटरी नुकतीच काढली असेल तर पोझिशन पुन्हा सेव्ह करून बघितल्या का?