मदत हवी आहे : फोटोग्रामेट्रीच्या दोन मॉडेलांत दिसणारा फरक दगडाची झीज आहे की मोजणीतला दोष?

नमस्कार मंडळी,

उघड्यावर उभ्या असलेल्या वालुकाश्माच्या एका शिल्पपटाची झीज मोजायचं काम हाती घेतलं आहे. पट साधारण तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच आहे, कोरीवकामाचा उठाव पाच-सात सेंटिमीटर. वर्षभराच्या अंतराने दोनदा फोटो काढून फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अनेक फोटोंवरून आकार काढायच्या पद्धतीने, दोन त्रिमित मॉडेलं केली. आता ती एकमेकांवर ठेवून पाहिल्यावर जे दिसतंय त्यावर विश्वास ठेवावा की नाही, इथे अडलोय.

कॅमेरा दोन्ही वेळी तोच : फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल, ३५ मिमीची प्राइम लेन्स. एफ ८, आयएसओ १००, ट्रायपॉड, फोकस मॅन्युअल. पटासमोर दीड मीटरवर, पटाला समांतर सरकत, आडव्या रांगांमध्ये फोटो घेतले. शेजारच्या फोटोंचा ओव्हरलॅप पुढेमागे सुमारे ८० टक्के, रांगांमध्ये ६० ते ७०. एक मीटरची स्केल बार पटाच्या खालच्या कडेला ठेवली होती. मेटाशेप या फोटोंवरून मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अलाइनमेंट (फोटो एकमेकांशी जुळवणं) सुरळीत झाली, रीप्रोजेक्शन एरर (मॉडेलमधला बिंदू परत फोटोवर टाकला तर किती चुकतो) दोन्ही वेळी अर्ध्या पिक्सेलच्या आत आहे. मग क्लाउडकंपेअर या तुलनेच्या सॉफ्टवेअरमध्ये आयसीपीने (दोन पृष्ठभाग आपोआप एकमेकांवर बसवणाऱ्या पद्धतीने) दोन्ही मॉडेलं जुळवून अंतरं काढली.

निकाल असा : मध्यभागी नवं मॉडेल जुन्यापेक्षा सुमारे दोन मिलिमीटर आत आहे आणि चारही कोपऱ्यांत तेवढंच, कुठे तीन मिलिमीटरसुद्धा, बाहेर आहे. रंगांचा नकाशा फार सुबक दिसतो, मध्ये निळा आणि कडेकडेने लाल होत गेलेला. दगड बाहेर वाढणार नाही हे उघड आहे. पण मध्यभागी मुख्य मूर्तीचा चेहरा आहे, आणि तिथे हात फिरवला की बोटांना कण लागतात. म्हणजे तिथे झीज होत असणारच. याशिवाय उजव्या मनगटावर, कंकणाच्या कडेला, नखाएवढा एक खळगा नकाशात गडद निळा दिसतोय, जवळपास चार मिलिमीटर खोल. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला की कंकणाची ती कड तुटलेली डोळ्यांनाही दिसते.

यातलं खरं काय मानू? दुसऱ्या वेळचे फोटो परत काढता येतील. पहिल्या वेळचे मात्र परत मिळणार नाहीत, पट तेव्हा कसा होता याचा तेवढाच पुरावा आहे. म्हणून ते फोटो कामाला लागावेत अशी फार इच्छा आहे.

प्रतिसाद १

ओव्हरलॅप वाढवून पाहा. डेन्स क्लाउड (पृष्ठभागावरच्या दाट बिंदूंचा संच) अल्ट्रा हाय क्वालिटीवर करा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत नाही. इथे बिंदू कितीही दाट केले तरी फरक पडणार नाही, कारण दोष बिंदूंच्या घनतेत नाही, फोटो घेण्याच्या भूमितीत आहे. तुम्ही वर्णन केलेला नकाशा पाहताक्षणी ओळखू येतो. याला डोमिंग म्हणतात, म्हणजे मॉडेलमध्ये पृष्ठभाग घुमटासारखा वाकणं.

झालंय असं. सॉफ्टवेअर तुमच्या फोटोंवरून तीन गोष्टी एकाच वेळी शोधतं : कॅमेरा कुठे होता, पृष्ठभाग कसा आहे, आणि लेन्स प्रतिमा किती वाकवते. पृष्ठभाग बऱ्यापैकी सपाट, सगळे फोटो समांतर आणि एकाच अंतरावरून, अशा वेळी यातल्या शेवटच्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. लेन्सची त्रिज्यीय विकृती थोडी कमी धरली आणि पृष्ठभाग थोडा वाकवला, तरी सगळे बिंदू फोटोंत जिथल्या तिथे बसतात. म्हणून रीप्रोजेक्शन एरर छान दिसतो. तो एरर फक्त एवढंच सांगतो की गणित स्वतःशी सुसंगत आहे. आकार बरोबर आहे की नाही, हे तो सांगूच शकत नाही. जेम्स आणि रॉबसन यांनी २०१४ मध्ये ड्रोनच्या सर्वेक्षणांबाबत हे नीट दाखवून दिलं आहे. जमिनीवरून भिंतीचे फोटो घेतले तरी तत्त्व तेच.

तुमच्या दोन्ही मॉडेलांना आपापला बाक आहे, कमीजास्त. नकाशात दिसतो तो त्या दोन बाकांमधला फरक. त्यात आयसीपीची भर पडते. आयसीपीला झीज वगैरे काही कळत नाही, ते एकूण अंतर कमीत कमी करतं. त्यामुळे सगळा बाक मध्ये उणे आणि कडेला अधिक असा वाटला जातो. तुमच्या नकाशातला 'शून्य' हाही आयसीपीने ठरवलेला शून्य आहे.

मनगटावरच्या खळग्याची गोष्ट वेगळी. बाक नेहमी संथ असतो, मीटरभराच्या अंतरात हळूहळू चढतो. नखाएवढ्या जागेत चार मिलिमीटर उतरणारा फरक बाकाने येऊ शकत नाही. तो खरा आहे असंच मी धरेन.

फोकस मॅन्युअल होता म्हणता, पण दोन्ही वेळी लेन्स त्याच जागी स्थिर होती का?

धागाकर्ता

त्या त्या दिवशी फोकसची रिंग चिकटपट्टीने घट्ट केली होती. मधल्या काळात मात्र कॅमेरा इतर कामांना वापरला, लेन्स काढली-घातली.

प्रतिसाद २

मग दोन्ही संचांचं कॅलिब्रेशन (लेन्सची विकृती, फोकल लेंथ वगैरेंचे आकडे) वेगवेगळं धरा, एकाचे आकडे दुसऱ्याला लावू नका. फोकस थोडा जरी हलला तरी प्रभावी फोकल लेंथ बदलते.

जुने फोटो वाचवायचा रस्ता आहे. आधी आताचे फोटो परत काढा, पण समांतर रांगांच्या जोडीला तिरके फोटोही घ्या : डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, साधारण २० ते ३० अंशांत, कॅमेरा पटाच्या मध्याकडे वळवून. काही फोटो कॅमेरा ९० अंशांत फिरवून, उभे घ्या. काही थोडे जवळून, काही थोडे लांबून. या संचात लेन्सची विकृती आणि पृष्ठभागाचा बाक एकमेकांच्या आड लपू शकत नाहीत.

मग जुने आणि नवे सगळे फोटो एकाच प्रोजेक्टमध्ये, एकत्र अलाइन करा. प्रत्येक संचाचा कॅलिब्रेशन गट वेगळा ठेवा. दगडाचा जो भाग बदललेला नाही तिथले टाय पॉइंट (अनेक फोटोंत ओळखू येणारे सामाईक बिंदू) दोन्ही संचांत सापडतील आणि नव्या संचाची भक्कम भूमिती जुन्यालाही सरळ धरून ठेवेल. फ्यूरर आणि विनातिये यांनी २०१८ मध्ये जुन्या हवाई छायाचित्रांवर हीच पद्धत वापरली होती. अलाइनमेंट झाली की प्रोजेक्टच्या दोन प्रती करा, एकीत फक्त जुने फोटो चालू ठेवा, दुसरीत फक्त नवे, आणि डेन्स क्लाउड स्वतंत्र करा. ही पायरी गाळू नका. एकत्र केलं तर जुना आणि नवा दगड एकमेकांत मिसळेल आणि मनगटावरचा खळगासुद्धा अर्धामुर्धा भरून निघेल.

आयसीपीची मग गरजच उरत नाही. दोन्ही क्लाउड आधीच एका चौकटीत असतात.

प्रतिसाद ३

उजेडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. उठावाच्या कोरीवकामात सावल्या फार असतात. एक संच सकाळच्या उन्हात आणि दुसरा दुपारच्या, असं झालं तर सॉफ्टवेअरला दोन्हींमध्ये सारखे बिंदू सापडत नाहीत, किंवा सापडतात ते सावलीच्या कडेवरचे, जे दगडावर नसतातच. जुने फोटो कशात काढले होते ते बघा. ढगाळ हवेत असतील तर नवेही ढगाळ हवेतच काढा. शक्य असेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि सगळ्यांना एकच व्हाइट बॅलन्स द्या. लेन्स करेक्शन मात्र अजिबात लावू नका. रॉ डेव्हलप करताना ते बऱ्याचदा आपोआप लागलेलं असतं आणि मग कॅलिब्रेशन कशाचं चाललंय तेच कळत नाही.

प्रतिसाद ४

स्केलबद्दल. एका पट्टीवर तीन मीटरचा पट तोलू नका. मीटरभर पट्टीची टोकं ओळखण्यात एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर तीन मीटरवर तेच तीन मिलिमीटर होतात, म्हणजे तुम्ही शोधताय त्या झिजेएवढे. निदान तीन पट्ट्या ठेवा : एक आडवी, एक उभी, आणि तिसरी अशी की जी स्केल ठरवायला वापरायचीच नाही. शेवटी मॉडेलवर तिची लांबी मोजायची. ती बरोबर आली तर स्केलवर भरवसा. जे मोजमाप गणितात घातलंय, त्यालाच त्या गणिताचा साक्षीदार करता येत नाही. पटावरच्या खुणांचं, म्हणजे मार्करचंही तसंच, काही मार्कर कंट्रोलला (मॉडेल बसवायला) द्या आणि काही फक्त तपासणीसाठी राखून ठेवा.

आणि मोजणी मेशवर (बिंदू जोडून बनवलेल्या सलग पृष्ठभागावर) करू नका. मेश बनवताना पृष्ठभाग गुळगुळीत होतो, जिथे बिंदू नाहीत तिथे तो स्वतःच काहीतरी भरतो. दाखवायला मेश ठीक, मोजायला पॉइंट क्लाउड. चुकीचे वाटणारे बिंदू गाळणारं डेप्थ फिल्टरिंगही सौम्य ठेवा. कडक ठेवलं तर कंकणाच्या कडेसारखे बारीक तपशील सॉफ्टवेअर नॉइज, म्हणजे चुकीचे बिंदू, समजून काढून टाकतं.

प्रतिसाद ५

आता विश्लेषणाकडे येतो, कारण मला यातलं सगळ्यात मोलाचं काम तेच वाटतं. धाग्यात मिलिमीटरचे आकडे आलेत, पण तुमच्या सामग्रीतून किती बारीक मोजता येईल याचा हिशेब नाही. तो सोपा आहे.

फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिमी, त्यावर ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. लेन्स ३५ मिमी, अंतर १५०० मिमी. तर दगडावर एक पिक्सेल सुमारे ०.२६ मिमीचा पडतो. पण ही झाली पृष्ठभागावरची बारकाई. खोलीची अचूकता त्याहून कमी असते आणि ती दोन फोटोंमधल्या अंतरावर अवलंबून असते. एका फोटोत दीड मीटर रुंदी मावते, ८० टक्के ओव्हरलॅप म्हणजे शेजारच्या दोन फोटोंमध्ये ३० सेंटिमीटर. पटापासूनचं अंतर भागिले पाया (दोन फोटोंमधलं अंतर), म्हणजे ५. जुळणीतली चूक अर्धा पिक्सेल धरली तर ५ गुणिले ०.२६ गुणिले ०.५, सुमारे ०.६५ मिमी. हा एका जोडीचा हिशेब. एकच बिंदू अनेक फोटोंत येतो, दूरदूरचे फोटोही त्यात असतात, म्हणून प्रत्यक्षात याहून बरं निघतं. त्यामुळे चार मिलिमीटरचा खळगा निर्विवाद दिसायला हवा. चेहऱ्यावरून कण सुटून गेलेली झीज मात्र दशांश मिलिमीटरात असेल, तर या अंतरावरून ती दिसेल अशी आशा धरू नका. ती हवी असेल तर चेहऱ्याचा वेगळा संच जवळून, मॅक्रो लेन्सने घ्यावा लागेल.

क्लाउडकंपेअरमध्ये जवळच्या बिंदूचं अंतर काढण्याऐवजी एम३सी२ वापरा. लाग, ब्रोडू आणि लरू यांनी २०१३ मध्ये मांडलेली ही पद्धत पृष्ठभागाच्या लंब दिशेने अंतर मोजते आणि प्रत्येक जागी, तिथल्या खडबडीतपणानुसार, किती फरक असेल तर तो ९५ टक्के खात्रीने खरा मानावा हेही सांगते. नोंदणीतली, म्हणजे दोन क्लाउड एकमेकांवर बसवण्यातली, चूक तिला तुम्हीच आकडा देऊन कळवायची असते.

तो आकडा कुठून आणायचा? यासाठी एक चाचणी करा, माझ्या मते तिच्याशिवाय झिजेबद्दल एक शब्दही लिहू नये. एकाच दिवशी पटाचे दोन पूर्ण संच काढा, ट्रायपॉड हलवून, पहिल्यापासून. दोन्हींची मॉडेलं करून त्यांची तुलना करा. दिवसभरात दगड झिजत नाही. तरीही जो फरक दिसेल तो पूर्णपणे तुमच्या पद्धतीचा आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे नवे फोटो ढगाळ हवेत काढले, तिरके आणि उभे धरून. जुनेही ढगाळ हवेतलेच निघाले. एकत्र अलाइनमेंटमध्ये दोन्ही संचांना जोडणारे टाय पॉइंट भरपूर मिळाले, विशेषतः पटाच्या चौकटीवर. एका दिवसातल्या दोन संचांची चाचणीही केली. त्यात फरक सगळीकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिला.

जुन्या-नव्याच्या तुलनेत बाक गेला. कोपऱ्यांतला लाल रंग पूर्ण नाहीसा झाला, आणि चेहऱ्यावरची दोन मिलिमीटर 'झीज'ही गेली. तिथे आता चाचणीतल्या फरकापेक्षा जास्त काही दिसत नाही. मनगटावरचा खळगा मात्र जागच्या जागी आहे, आणि कडा आधीपेक्षा स्पष्ट. शिवाय पटाच्या खालच्या डाव्या भागात, जिथे आधी लाल रंग होता, तिथे हाताच्या पंजाएवढा एक पापुद्रा सुटलेला दिसला. आधीच्या नकाशात बाकाच्या 'बाहेर'ने हा 'आत' झाकून टाकला होता. प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, पापुद्र्याची ताजी कड उघडी पडली आहे.

एक शंका उरली आहे. उचललेल्या हाताच्या खालच्या बाजूला, जिथे कोरीवकाम आत वळतं, तिथे फरक कुठे अधिक तीन, कुठे उणे तीन असा विखुरलेला येतोय. एम३सी२ यातला बराचसा भाग अविश्वसनीय ठरवतं, पण काही ठिपके खरे म्हणून दाखवतं.

प्रतिसाद ५

त्या कोनाड्यातला प्रत्येक बिंदू किती फोटोंत दिसतो ते बघा. मेटाशेपमध्ये पॉइंट कॉन्फिडन्स चालू करून क्लाउड परत काढलात तर कळेल. जुन्या समांतर संचात ती खालची बाजू जेमतेम दोन-तीन फोटोंत, तीही कडेकडेने आली असणार. तिथे खोलीचा अंदाज कच्चाच राहतो. नव्या संचात खालून घेतलेल्या फोटोंनी ती भरली असेल, पण तुलनेला दोन्ही बाजू सारख्या भक्कम लागतात.

कमी कॉन्फिडन्सचे बिंदू दोन्ही क्लाउडांतून काढून टाका आणि एम३सी२ परत चालवा. त्या जागी काहीच आकडा आला नाही तर नकाशात ती जागा राखाडी ठेवून 'जुन्या फोटोंत पुरेशी दिसत नाही' अशी नोंद करा. पुढच्या फेरीसाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणून, वर वळवून, त्या हाताखालचे जास्तीचे फोटो घ्या, म्हणजे यंदाच्या संचापासून पुढे ती जागाही मोजता येईल. आणि सुटलेल्या पापुद्र्याचा जवळचा संच आत्ताच घेऊन ठेवा, पावसाच्या आधी. उघडी पडलेली ताजी कड लवकर बदलते.